शैलगुहा आणि चिलर

नाट्यगृह या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरी घंटा, विंगेतला अंधार, रंगपटातला आरसा, पहिल्या रांगेत बसून नेमका मोक्याच्या क्षणी खोकणारा रसिक, या साऱ्यांना आपल्या वाङ्मयात मानाचे स्थान आहे. इमारतीच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून असलेल्या यंत्राच्या खोलीवर मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्हीही लिहिले नसते. मराठी शिकवणाऱ्या माणसांना कंप्रेसर आणि कंडेन्सर यांतला फरक कळावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही, आणि अज्ञानाला अशी समाजमान्यता असली की ते मोठ्या सुखाने सांभाळता येते.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात आम्ही काही अध्यापक गोंदिया जिल्ह्यातून पदव्युत्तर वर्गाची चाळीस मुले घेऊन विदर्भातल्याच एका सार्वजनिक सभागृहात नाटक पाहायला गेलो. सभागृहाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या एका इमारतीची नाही. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला वातानुकूलन बंद पडले. दहा मिनिटांत हवा जड झाली, पंधरा मिनिटांत स्मरणिकांचे पंखे झाले, आणि विसाव्या मिनिटाला कोणीतरी सद्‌हेतूने बाजूचे चारही दरवाजे उघडले. दरवाजांतून वारा आला नाही. बाहेरच्या जनरेटरची घरघर आली, पत्र्यावर पडणारा पाऊस आला आणि रिक्षावाल्यांचा संवाद आला. रंगमंचावर त्या वेळी आई आणि मुलगी यांच्यात एक अगदी हलक्या आवाजातला प्रसंग चालू होता. त्या प्रसंगासाठीच आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. नटीने आवाज चढवला. कुजबुज जेव्हा ओरडून करावी लागते तेव्हा नाटकाचे काय होते, हे आमच्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतके नीट शिकवले नसते.

मध्यंतरात आम्ही यंत्राच्या खोलीकडे गेलो. ऑपरेटर घामाने निथळत होता. 'मशीन म्हातारी झाली सर. म्हातारीले धावाले लावता, अन् पडली का शिव्या आमाले,' तो म्हणाला. यंत्रावरच्या पाटीवर १९९८ हे साल होते. आमच्या जिल्ह्याहून ते यंत्र एका वर्षाने वडील आहे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. यंत्राला चिलर म्हणतात हे त्याने सांगितल्यावर मुलांमध्ये खसखस पिकली. चिलर आणि चिल्लर! पुढे त्या सभागृहाच्या दुरुस्तीचा कागद पाहायला मिळाला तेव्हा हा श्लेष व्यवस्थापनालाही मान्य असावा असे वाटले.

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय आपण सारेच शिकवतो. विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र हे प्रकार फळ्यावर लिहून देतो आणि पुढे सरकतो. त्याच अध्यायात नाट्यमंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, त्याला झरोके लहान असावेत आणि आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज गंभीर राहील, असे सांगितले आहे. आम्ही हा भाग अनेक वर्षे शिकवला आणि त्यातला पेच आमच्या ध्यानात आला नव्हता. वारा बंद केला तर आवाज टिकतो; पण शेकडो माणसे, दिवे आणि रंगभूषेखालचे नट यांचे काय? उष्ण देशातल्या नाट्यगृहाने एक तर ऐकू येणारे असावे किंवा बसता येण्याजोगे असावे, दोन्ही असू नये, असा हा निवाडा आहे. चिलर हे या जुन्या पेचाला सापडलेले पहिले खरे उत्तर. यंत्र दूर, भिंतीआड, आवारात गडगडत असते. ते फक्त पाणी थंड करते, साधारण सात अंशांपर्यंत. ते पाणी नळांतून प्रेक्षागृहाजवळ येते, तिथे हवेची उष्णता घेते आणि बारा अंशांच्या आसपास होऊन परत जाते. गुहा गुहाच राहते, झरोका उघडावा लागत नाही, आणि गोंगाट करणारी वस्तू कुजबुजीपासून शंभर पावलांवर असते. खिडकीत बसवायच्या एसीने हे होत नाही, कारण त्याचा आवाज तिथेच असतो. 'वातानुकूलित' हा आपला सरकारी शब्द म्हणूनच नाट्यगृहाला फारसा लागू पडत नाही. वारा अनुकूल नको आहे. वाराच नको आहे.

साहित्याच्या माणसांनी या यंत्राशी इतके परकेपणाने वागावे याचे आणखी एक आश्चर्य आहे. विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ साली ज्या यंत्रणेचा आराखडा केला, ती माणसांच्या सुखासाठी नव्हतीच. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे, एकावर एक छापायचे रंग सरकत असत. तो कागद ताळ्यावर आणण्यासाठी ती होती. कागदानंतर प्रेक्षकांची पाळी आली. १९२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात कॅरियरचे यंत्र बसले आणि उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे भरू लागली. मुंबईत १९३३ साली रीगल उघडले ते वातानुकूलनाचा डौल मिरवीतच. मराठी नाटकाकडे ही सोय पुष्कळ उशिरा आली, आणि आली ती बहुधा सिनेमाच्या मापाने शिवलेली.

आता आमच्या भागाविषयी. गोंदियाचे नाव साहित्यात निघते ते जंगलामुळे, माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे आणि चितमपल्लींच्या नवेगावमुळे. पण हा नाटकाचाही प्रदेश आहे, आणि तोही फार जुना. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे मत मांडले होते. ते मान्य करण्यात आमचा स्वार्थ आहे हे उघड आहे. भवभूतीच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनांत ती कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर होत असल्याचा उल्लेख येतो. म्हणजे उत्तररामचरितासारखे नाटकदेखील जत्रेला जमलेल्या माणसांसमोर होत होते. इकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. दिवाळी सरली, धान कापून झाले की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत मंडई भरतात, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटके चालतात. वडशाच्या कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. तिकीट काढून, घोंगड्या-ब्लँकेटे पांघरून हजारो माणसे पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना तिची आठवण झाली. असो.

झाडीपट्टीच्या रंगभूमीने हवामानाचा प्रश्न पंचांगाने सोडवला आहे. नाटक थंडीत करायचे, रात्री करायचे. मे महिन्यात नाटक नाही, जुलैतही नाही. येथे एक मोह होतो आणि आमच्यातल्या दोघांना तो झालाही: मग बंदिस्त नाट्यगृह हवेच कशाला? आपली परंपरा मोकळ्या आभाळाची आहे, चिलर ही परकी चैन आहे, वगैरे. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि आम्हाला तो अप्रामाणिक वाटतो. मंडईतल्या नाटकाला मंडईचा आवाज लागतो. त्याची संहिता, त्याचे गाणे, त्याचा विनोद ध्वनिक्षेपकाच्या हिशेबाने बांधलेला असतो, आणि ती त्याची ताकद आहे. पण आई आणि मुलगी हलक्या आवाजात बोलतात ते नाटक तिथे होऊ शकत नाही. झाडीतल्या मुलाने तसे नाटक लिहावे, करावे, पाहावे असे वाटत असेल तर त्याला गुहा लागेल. शिवाय महाविद्यालयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. शिबिरे, स्पर्धांच्या तालमी, पाहुण्या संस्थांचे प्रयोग पावसाळ्यात येतात. तुम्ही आपले थंडीत बसा, असे आमच्या मुलांना सांगण्याचा अधिकार बारमाही नाट्यगृहे असलेल्या शहरांना नाही.

बंदिस्त नाट्यगृहात यंत्र बंद पडणे म्हणजे थोडी गैरसोय, असेही समजू नये. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीत 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगात वैभव मांगले यांना उकाड्याने रंगमंचावरच भोवळ आली. मे २०२३ मध्ये रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात एसी आणि ध्वनियंत्रणा यांच्या दुरवस्थेमुळे भरत जाधव यांनी प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली आणि येथे पुन्हा प्रयोग करणार नाही असे सांगून टाकले. एका नटाने एका गावाला असे सांगणे ही वाङ्मयेतिहासात नोंदवण्यासारखी घटना आहे, असे आम्हाला वाटते. नाटके लेखणी थांबल्यामुळेच बंद होतात असे नाही; पंपाच्या बेअरिंगमुळेही होतात.

तर त्या सभागृहाचा चिलर बदलायचे ठरले. आम्ही माहिती अधिकारात निविदेची प्रत मागितली. मिळाली, एकसष्ट पानांची, सगळी इंग्रजीत. आम्ही ती वाचली, म्हणजे एखादी संहिता वाचावी तशी वाचली, कारण दुसऱ्या तऱ्हेने वाचायला आम्हाला येत नाही. पहिले निरीक्षण असे की एकसष्ट पानांत नाटक हा शब्द, कोणत्याही भाषेत, एकदाही आलेला नाही. आवाज किती चालेल याचा आकडा नाही. इमारत काय करते हे लेखकाला ठाऊक नव्हते किंवा सांगावेसे वाटले नव्हते. हीच निविदा गोदामालाही चालली असती. दुसरे असे की नव्या यंत्राची क्षमता जुन्या यंत्राच्या पाटीवरून उतरवून घेतली होती. तितकेच टन, एकच यंत्र.

हा 'टन' शब्दही गमतीचा आहे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल तितकी म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. बर्फाच्या गाड्या गेल्या, माप राहिले. आता हिशेब पाहा. तो आम्ही एका अभियंता मित्राकडून तपासून घेतला आहे. स्वस्थ बसलेले माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देते. आठशे माणसे म्हणजे ऐंशी किलोवॉट, तेवीस टनांच्या आसपास. जुन्या पद्धतीचे हजार वॉटचे चाळीस दिवे एकदम लागले तर आणखी अकरा टन. श्वासाला ताजी हवा आत घ्यावीच लागते आणि मे महिन्यातल्या चव्वेचाळीस अंशांची ती हवा पंचविसावर आणायची तर जवळजवळ माणसांच्या उष्णतेइतकाच भार पुन्हा पडतो. त्यावर तापलेले छत. १९९८ साली ज्याने क्षमता ठरवली त्याच्यासमोर हॅलोजनचे दिवे होते आणि उघडा स्लॅब होता. आज दिवे एलईडीचे करता येतात, छतावर उष्णतारोधक थर देता येतो, दरवाजांच्या फटी बुजवता येतात. हे सगळे आधी करून मग यंत्र मोजायला हवे. आपण उलटे करतो. आधी यंत्र घेतो, कारण त्याचे उद्‌घाटन होते. फट बुजवल्याचे उद्‌घाटन करता येत नाही.

तिसरे निरीक्षण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. निविदेत हवेने थंड होणारे यंत्र मागितले होते आणि त्याची कार्यक्षमता बाहेरच्या ३५ अंश तापमानाला मोजलेली मागितली होती. चौकशी केली तेव्हा कळले की यात लबाडी नाही. आंतरराष्ट्रीय मानकात अशा यंत्राची तुलना ३५ अंशांवरच करतात, आणि तुलनेसाठी ते ठीकच आहे. पण गोंदियाच्या नवतप्यात पारा ४५ ला टेकतो, आणि तेव्हा तेच यंत्र कमी थंडावा देते आणि जास्त वीज खाते. निविदेतला उन्हाळा आणि आमचा उन्हाळा यांत दहा अंशांचे अंतर आहे. अनुवादित कादंबरीत नायक एप्रिलमध्ये शेकोटीपाशी बसतो तेव्हा आपण विद्यार्थ्यांना त्याची भूगोलाची तळटीप देतो. ती तळटीप येथे कोणी दिली नाही.

विदर्भाच्या हवेचा स्वभाव ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सुचले असते. आमच्या घरांत वाळ्याच्या ताट्या होत्या, नंतर कूलर आले. दोहोंचे मर्म एक: हवा कोरडी असली की पाण्याची वाफ होताना ती गार होते. मे महिन्यातली चव्वेचाळीस अंशांची कोरडी हवा पाण्यावरून नेली तर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरू शकते. जुलैत हाच कूलर निरुपयोगी असतो, उलट चिकचिक वाढवतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे नाट्यगृहाच्या ताज्या हवेला उन्हाळ्यात पाण्याने आधी उतरवून घ्यावे, पावसाळ्यात चिलरने कोरडे करावे, आणि डिसेंबरात बाहेरचीच गार हवा गाळून, मोठ्या नळ्यांतून हळू आत सोडावी म्हणजे तिचा आवाज होणार नाही. शेवटची गोष्ट तर अगदीच साधी आहे. तरी थंडीतल्या स्पर्धेच्या दिवसांत बाहेर लोक स्वेटर घालून उभे असतात आणि आत चिलर चालू असतो, कारण गुहेला दुसरी वाटच ठेवलेली नाही. हौशी संस्थांना त्या विजेचेही भाडे भरावे लागते.

पाण्याने थंड होणारा चिलर घ्यावा की हवेने, यावर आमच्यात एकमत नाही. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलिंग टॉवर उत्तम चालतो, वीज पुष्कळ वाचते. पण शंभर टनांचे यंत्र पूर्ण भाराने चालले तर ताशी साडेसहाशे-सातशे लिटर पाणी नुसते वाफ होऊन जाते, आणि पाणी जड असले तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात. जुन्या यंत्राचे मरण तेच होते. गोंदिया तलावांचा जिल्हा म्हणून मिरवतो; तरी मे महिन्यात नळाला पाणी नसलेल्या वस्तीशेजारी नाट्यगृहाच्या गच्चीवरून पाण्याची वाफ सोडणे आमच्यातल्या काहींना पटत नाही. आम्हालाही ते सहज पटू नये असे वाटते.

वायूचाही प्रश्न आहे. जुन्या यंत्रात आर-२२ होता. ओझोनच्या थराला अपाय करणाऱ्या पदार्थांविषयीचा माँट्रियल करार १९८७ चा. त्यानुसार भारताने आधी सीएफसी २०१० पासून बंद केले, आणि आर-२२ ज्या वर्गात येतो त्या वर्गाचा नव्या यंत्रांच्या निर्मितीतला वापर २०२४ च्या अखेरीस थांबवला. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता तो मिळतो, पण दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार. म्हणून यंत्र बदलणे टाळता येण्याजोगे नव्हते हे आम्ही मान्य करतो. मात्र जुन्या यंत्रातला वायू काढून भरून घ्यायचा की हवेत सोडून द्यायचा, याविषयी निविदेत एक ओळ होती: जुने यंत्र जागेवरून हलवावे. ही ओळ लिहिणाऱ्याला भाववाचक नामांची भीती वाटत असावी.

आता एक कबुली. उत्तम कार्यक्षमतेचे महागडे यंत्र घ्या, विजेत पैसे वसूल होतील, हा सल्ला रुग्णालयाला किंवा चोवीस तास चालणाऱ्या इमारतीला जितका लागू पडतो तितका नाट्यगृहाला पडत नाही. ते वर्षातून शे-दीडशे दिवस, तेही चार-पाच तास चालते. त्याचे यंत्र चालून झिजत नाही, बसून गंजते. एका मोठ्या यंत्राऐवजी दोन-तीन लहान यंत्रे असणे, एक बिघडले तर नाटक थांबू न देणे, आठवड्यातून एकदा रिकाम्या सभागृहातही ते चालवून पाहणारा पगारी माणूस असणे, हे अधिक मोलाचे आहे. त्या ऑपरेटरला आम्ही विचारले, तो कायम आहे का. तो हसला. तीन कंत्राटदार बदलले, तो तोच आहे. प्रत्येक कंत्राटात नवा लागतो. यंत्राची सव्वीस वर्षांची नोंदवही त्याच्याकडे होती, पुष्कळशी पाठीमागच्या कोऱ्या पानांवर, पेन्सिलीने लिहिलेली. कोणत्या नाटकाच्या दिवशी काय बिघडले हेही त्यात आहे. निविदा लिहिणाऱ्यांपैकी कोणी ती मागितली नव्हती.

रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाचे वातानुकूलन आधी सुधारावे, नाट्यगृहाचे नंतर, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. फक्त तिथली निविदाही कोणीतरी वाचावी. आमच्यापेक्षा कमी भाषा येणाऱ्यांनीच ती वाचावी असा काही नियम नाही. तिला कर्ता असतो, गृहीत वाचक असतो, मौने असतात. हे सारे ओळखायला आपण वर्गात शिकवतो आणि मग फक्त कवितेवर चालवून दाखवतो.

आम्ही आमची निरीक्षणे चार पानांत लिहून, मराठीत, त्या कार्यालयाला दिली. आवाजाची मर्यादा घालावी, आधी दिवे आणि छत पाहावे, एकाच्या जागी दोन यंत्रे घ्यावीत, थंडीत बाहेरची हवा घेण्याची वाट ठेवावी, वायू भरून घ्यावा, नोंदवही वाचावी. पोच मिळाली आहे. पावसाळ्यातले प्रयोग रद्द झाल्याने मुले हिरमुसली होती. त्यांना घेऊन जानेवारीत अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात शंकरपटाच्या नाटकाला जायचे ठरले आहे. नाटक रात्री दहाला म्हणतात, म्हणजे अकराला सुरू होईल. ब्लँकेटे ज्याची त्याने आणायची आहेत, आणि ऑपरेटरलाही आम्ही बोलावले आहे.